कचेरीच्या संगणकावर काय दिसावे

फरीदाबादच्या एन.आय.टी. भागात केंद्र सरकारची बरीच कार्यालये आहेत. त्यांपैकी एकात मी काही वर्षे काम केले. तेथे एके सकाळी माझ्या संगणकावर एक पान उघडेना. आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ खात्याच्या कारभारावर आणि एकूण राजकारणावर हिंदीतून अनुदिनी लिहीत. भाषा तिखट, माहिती मात्र बहुधा बरोबर. त्या पानाच्या जागी पाटी आली की ही वर्गवारी आपल्या कार्यालयाने प्रतिबंधित केली आहे. क्रिकेटचा धावफलक उघडत होता, शेअर बाजार उघडत होता, एका ज्योतिषाचे दैनंदिन भविष्यही उघडत होते. संगणक कक्षातल्या तरुणाला विचारले, तर त्याने छताकडे बोट दाखवले, "सर, ऊपर से कहा गया है." आदेशाची प्रत मागितली तेव्हा तो नुसता हसला. आदेश तोंडी होता.

त्या वेळी मीही पुढे काही केले नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या मजकुरात उपदेशाचा सूर लागला तर वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कार्यालयाचा संगणक सरकारी, जोडणी सरकारी, वेळही सरकारी. तेव्हा त्यावर काय उघडावे हे ठरवण्याचा अधिकार कार्यालयाला असलाच पाहिजे, यात वाद नाही. चित्रपट, खेळ, खरेदी-विक्री, सगळे बंद केले तरी मी तक्रार करणार नाही. वाद सुरू होतो तो निवड करताना. वेळ वाया जातो म्हणून बंद करणे वेगळे, आणि लिहिणारा आपल्यावर टीका करतो म्हणून बंद करणे वेगळे. पडद्यावरची पाटी दोन्ही वेळा सारखीच दिसते, हीच अडचण.

अमेरिकेतील केंटकी राज्यात जून २००६ मध्ये नेमके हेच घडले. गव्हर्नर अर्नी फ्लेचर यांच्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात आरोप निश्चित झाले होते. गुणवत्तेवर व्हावयाच्या सरकारी नेमणुका राजकीय निष्ठा पाहून केल्या, असा तो ठपका. मार्क निकोलस नावाचे गृहस्थ 'ब्लूग्रास रिपोर्ट' या अनुदिनीतून या प्रकरणावर सतत लिहीत होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीत त्यांचे वक्तव्य छापून आले आणि दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारच्या संगणकांवर ती अनुदिनी बंद झाली. सरकारचे म्हणणे, कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळी काम करावे. निकोलस यांनी न्यायालयात धाव घेतली. आरोप त्या ऑगस्टमध्ये तडजोडीने मागे घेतले गेले, पण नोव्हेंबर २००७ च्या निवडणुकीत फ्लेचर पराभूत झाले. अनुदिनी बंद केल्याने त्यांचा काय फायदा झाला, हे मला आजतागायत उमगलेले नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यांना घरी गेल्यावर ती वाचता येतच होती.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे जे घडले ते अधिक ओबडधोबड होते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांतच दूरसंचार विभागाने वीसहून कमी पत्त्यांची एक यादी सेवा पुरवठादारांकडे धाडली. पुरवठादारांपैकी अनेकांनी ती दोन-चार पाने वेगळी काढण्याची तसदी न घेता 'ब्लॉगस्पॉट' सबंधच बंद करून टाकले. त्या काळी मराठीत लिहिणारे बहुतेक हौशी लोक तेथेच लिहीत. शिवाय स्फोटांनंतर जखमींची आणि बेपत्ता माणसांची माहिती देणारे 'मुंबई हेल्प' हे पानही तेथेच होते. महाराष्ट्राबाहेर असलेल्या आपल्यासारख्यांना, ज्यांचे कोणी ना कोणी सहाच्या लोकलने घरी निघालेले असते, त्या पानाचे मोल निराळे सांगायला नको. सप्टेंबर २००३ मध्येही असेच झाले होते. मेघालयातील एका संघटनेचा 'किनहुन' नावाचा याहूवरील छोटासा गट बंद करायचा होता, तर याहूचे सगळे गटच बंद झाले. ज्या यंत्रणेला सुई काढायची असते ती गंजीलाच काडी लावते, असे दोन्ही वेळा झाले.

माझ्या हुद्द्याच्या माणसाने इतके लिहावे का? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ९ नुसार केंद्र वा राज्य सरकारच्या चालू किंवा अलीकडील धोरणावर प्रतिकूल टीका करता येत नाही. २००६ सालचा आदेश 'अलीकडील' नव्हे, अशा समजुतीवर मी वरचा परिच्छेद लिहिला आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या वापराचा शासन निर्णय काढला. त्यातही सरकारी धोरणांवर टीका नको आणि बंदी घातलेल्या संकेतस्थळांचा वापर नको, असे म्हटले आहे. त्यावर मत देण्यास नियम ९ आडवा येतो, म्हणून मजकूर तेवढा सांगितला.

मात्र नियम ९ पुन्हा पुन्हा वाचला, तरी त्यात वाचनाविषयी एक अक्षर सापडत नाही. तो तोंडाला आणि लेखणीला लगाम घालतो, डोळ्यांना नाही. सरकारी नोकरीत शिरल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ मध्येच सांगून ठेवले आहे. कार्यालयीन संगणकांसाठी केंद्राचे २०१४ चे धोरण आहे. कायद्याचा भंग करणारा किंवा जाळ्याला धोका पोचवणारा मजकूर रोखता येतो, हे त्यात आहेच. त्याखेरीज संबंधित कार्यालयाच्या मते जे अनुचित असेल, किंवा ज्याने कामाचा वेग मंदावेल, तेही रोखण्याची मुभा आहे. 'कार्यालयाच्या मते' म्हणजे प्रत्यक्षात कोणाच्या मते? कार्यालयाला स्वतःचे मत नसते. ते कोणत्या तरी खुर्चीचे असते, आणि ती खुर्ची सही न करता बोलते तेव्हा मत कोणाचे होते हे नंतर शोधता येत नाही.

परकीय राज्यकर्त्यांनाही हा मोह सुटला नव्हता. मे १८७९ मध्ये, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली. रानडे सरकारी न्यायाधीश होते आणि सार्वजनिक सभेच्या कामातले प्रमुखही. त्यांच्यावर संशय असल्याने धुळ्यात त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. पुढे डॉ. पोलन या गोऱ्या अधिकाऱ्याने संशय निराधार असल्याची कबुली त्यांच्यापाशी दिली. टपाल फोडायला निदान माणूस लागत असे, आणि त्याला कधी तरी लाज वाटण्याची शक्यता होती. आता चाळणीचे यंत्र पान अडवतेही, आणि कोणी कधी ते उघडू पाहिले याची नोंदही ठेवू शकते. माझ्या एका सहकाऱ्याने त्या पाटीनंतर कोणतेही वर्तमानपत्र कार्यालयात उघडणे सोडून दिले. त्याला कोणी काही म्हटले नव्हते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी असल्याने मला यात तोटा दिसतो तो असा. वर जाणारी माहिती प्रत्येक पायरीवर थोडी गोड होत जाते. अमर्त्य सेन यांनी चीनच्या १९५८-६१ च्या दुष्काळाविषयी लिहिताना दाखवले आहे की खालच्यांनी फुगवलेल्या आकड्यांमुळे बीजिंगला प्रत्यक्षाहून सुमारे १० कोटी टन धान्य अधिक असल्याचा भ्रम झाला होता, आणि तो दूर करणारी मुक्त वृत्तपत्रे नव्हती. उलट १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात वर्तमानपत्रे आणि विरोधी पक्ष रोज ओरडत होते. कामे निघाली, माणसे तगली. आमच्या कार्यालयाची तुलना दुष्काळाशी करणे अतिशयोक्तीचे होईल. पण टीकाकाराची माहिती सरकारला फुकट मिळते. ती नाकारण्यासाठी मात्र यंत्रावर आणि माणसांवर पैसा खर्चावा लागतो, हे कोणत्याही मापाने घाट्याचे आहे.

आमचा घाटा नेमका किती, हे पुढे कळले. कार्यालयातल्या सफाई आणि पहाऱ्याच्या कंत्राटी कामगारांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले जात होते, ठेकेदार ते भरत नव्हता. निवृत्त गृहस्थांनी हे महिने-तारखांसह लिहिले होते. खालचे सगळे ते बाटा चौकाच्या मेट्रो स्थानकावर, चहाच्या टपरीवर, आपापल्या मोबाइलवर वाचत होते. ज्यांनी देयके मंजूर करायची ते आम्ही तिघे-चौघे मात्र पाटी पाहून गप्प राहिलो. मोबाइल मलाही होता, पण बंदी आहे ते आपण वाचू नये, असा भिडस्तपणा आड आला. सुमारे आठ महिन्यांनी लेखापरीक्षकांनी तोच आक्षेप घेतला. कायद्याने मुख्य मालक म्हणून जबाबदारी कार्यालयावरच येते. तोवर ठेकेदार बदलला होता, आणि पहारेकऱ्यांपैकी दोघे गावी परतले होते. त्यांचे पैसे मिळवून देण्यासाठी पत्ते शोधण्यात आणखी बरेच दिवस गेले. देयकांवर सही माझी होती.

त्यानंतर मी चार ओळींची टिप्पणी सादर केली. कोणत्या वर्गवाऱ्या बंद आहेत त्यांची यादी कर्मचाऱ्यांना दाखवावी, प्रत्येक बंदीमागे कारण आणि सही असलेला लेखी आदेश असावा, आणि खात्यावर टीका करणारे पान केवळ त्या कारणासाठी बंद करू नये. धारिका पंधरा दिवसांनी परत आली. समासात हिरव्या शाईने 'चर्चा करावी' असा शेरा होता. ती चर्चा व्हायच्या आत नियमानुसार माझी बदली झाली आणि धारिका मी माझ्यामागून आलेल्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन केली.