हिंमत पुरेशी नसते, कागद लागतात

‘पैसे लागत नाहीत, हिंमत लागते.’ मागच्या सीटवर तंबू बांधून आल्प्समध्ये फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रीलखाली हे वाक्य असतं. मीही ते लाइक केलंय. मग वही काढून युरोपातल्या पंधरा दिवसांच्या मोटरसायकल-कॅम्पिंगचा हिशेब मांडायला बसले आणि या वाक्याचा राग यायला लागला.

हिशेबाची सुरुवात पेट्रोलपासून होत नाही, पासपोर्टपासून होते. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान 30 हजार युरोंचं वैद्यकीय कवच देणारा प्रवास विमा हवा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना हवा. शिवाय राहणार कुठे आणि खर्च कशातून करणार, याचे पुरावे.

खरी गंमत इथे आहे. फ्रान्सला जायचं तर हॉटेलचं बुकिंग असणाऱ्याने दिवसाला 65 युरो दाखवायचे आणि बुकिंग नसणाऱ्याने 120. पंधरा दिवसांचे 975 विरुद्ध 1,800. म्हणजे जो तंबूत झोपून कमी खर्च करणार, त्यानेच खात्यात जास्त पैसे दाखवायचे! गरिबीत फिरायची परवानगी श्रीमंती सिद्ध केल्यावर मिळते. ज्या जर्मन किंवा डच पोराच्या रीलवर आपण भाळतो, त्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याची गाडी घरी उभी असते आणि सीमेवर त्याला कुणी थांबवत नाही. त्याचं ‘बजेट’ त्याच्या पासपोर्टने आधीच भरलेलं असतं.

यावर आपल्याकडचे सल्लागार काय सांगतात? ‘खोटं हॉटेल बुकिंग टाक, व्हिसा आला की रद्द कर.’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. व्हिसा हातात असला तरी सीमेवरचा अधिकारी राहण्याचा पुरावा मागू शकतो, प्रवेश नाकारू शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. सल्ला देणाऱ्याला व्ह्यूज मिळतात, विमानतळावरून परत यायची वेळ ऐकणाऱ्यावर येते. त्यापेक्षा कॅम्पसाइटचं खरं बुकिंग करा, रोजचा मार्ग लिहा आणि तेच कागद जोडा.

दुसरी थाप म्हणजे ‘कुठेही तंबू ठोका, फुकट!’ नॉर्वेत 1957च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क दिलाय, हे खरं. पण वस्तीच्या घरापासून 150 मीटर लांब, आणि साधारणपणे एका जागी दोन रात्री. हा हक्क पायी जाणाऱ्याचा आहे. मोटरसायकल रस्ता सोडून रानात घालायची मुभा त्यात नाही. जर्मनीत तर असा तंबू बहुतेक ठिकाणी बेकायदाच. नॉर्वेचा नियम सांगून बव्हेरियात झोपायला पाठवणाऱ्याला बेजबाबदारच म्हणावं लागेल.

तिसरी थाप ‘वीस दिवसांत दहा देश’. बजेटचा खरा शत्रू हाच. मला मिळालेल्या दरांत मध्यम गाडीचं भाडंच दिवसाला सत्तर युरोच्या घरात होतं. त्यावर रोज चारशे किलोमीटर पळायचं म्हणजे पेट्रोल, हायवेचे टोल आणि दमल्यावर नाइलाजाने घेतलेली खोली. स्वित्झर्लंडच्या हायवेवर एक दिवस गाडी घातली तरी 40 फ्रँकचं वर्षभराचं स्टिकर घ्यावं लागतं, मोटरसायकललासुद्धा. कशासाठी? हेल्मेटवर चिकटवायच्या झेंड्यांसाठी?

मी माझ्या वहीतले आठ देश खोडले. एकच ठेवला, इटली. त्यातही फक्त उत्तरेचा डोंगराळ भाग. एका कॅम्पसाइटवर चार-पाच दिवस मुक्काम, सामान तिथेच, रिकामी गाडी घेऊन रोज वेगळा घाट. स्टेल्व्हिओचा घाट 2,757 मीटर उंच, प्रातोच्या बाजूने 48 वळणं आणि टोल शून्य. गाडी पंधराऐवजी आठच दिवस भाड्याने, म्हणजे तिथेच जवळपास पाचशे युरो वाचले. उरलेले दिवस बस, पायवाटा आणि छोट्या शेगडीवरची खिचडी. सप्टेंबरात गेलं तर ऑगस्टची गर्दीही टळते. फक्त डोंगरातल्या थंडीला पुरेल अशी स्लीपिंग बॅग घ्यायची; तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

एवढं करूनही ही सहल स्वस्त नाही. विमानाचं तिकीट धरलं तर माझी कित्येक महिन्यांची बचत आहे. ज्याला हे परवडत नाही, त्याच्यात हिंमत कमी आहे असं म्हणणं मला अपमानाचं वाटतं. न जमण्याचा दोष आपल्या अंगावर घेऊन कितीतरी मुलं रात्री फोन बाजूला ठेवतात. दोष त्यांचा नाही.

तेव्हा पुढचं रील टाकताना घाट दाखवा, तंबू दाखवा, पण बँकेचं स्टेटमेंट आणि व्हिसाची फाइलही दाखवा. ते दाखवायलाच खरी हिंमत लागते.