डबा शोधा, पण बिळात हात घालू नका

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी जितक्या वेळा देतो, तितक्या वेळा क्रोसिनची गोळीही लिहून देत नसू. सल्ला बिनचूक आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे, जमल्यास ३०० मिनिटांपर्यंत मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगितले आहे. तरीही हा सल्ला पाळला जात नाही. १ जानेवारीला जॉगिंग ट्रॅकवर पाय ठेवायला जागा नसते, आणि होळी येईपर्यंत तिथे तेच जुने दहा-पंधरा चेहरे उरतात. रुग्ण आळशी आहे असे म्हणून आम्ही मोकळे होतो. मला मात्र वाटते की गोल गोल फिरणे हे मुळातच कंटाळवाणे काम आहे, आणि कंटाळ्यावर अजून औषध निघालेले नाही.

आता दुसरी बाजू पाहा. भाजी आणायला चौकापर्यंत स्कूटर काढणारा गृहस्थ श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला जातो आणि ब्रह्मगिरीची फेरी रात्रभर चालतो. चिखल, पाऊस, काळोख, कशाचीही तक्रार नाही. पाय तेच आणि गुडघेही तेच. फरक इतकाच की तिथे त्याला निमित्त असते. माणूस निमित्ताने चालतो, उपदेशाने नाही.

असेच एक निमित्त गेल्या पंचवीस वर्षांत जगभर पसरले आहे. त्याला म्हणतात जिओकॅशिंग. यातल्या ‘कॅश’चा रोख रकमेशी संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते नाव आले आहे. कोणीतरी एक डबा कुठेतरी ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि बाकीच्यांनी मोबाइल किंवा जीपीएस यंत्राच्या साहाय्याने तो हुडकून काढायचा. डब्यात एक छोटी वही असते. तीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बस, एवढाच खेळ. बक्षीस नाही, पैसा नाही.

याचा जन्म मोठा मजेशीर आहे. उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएस संदेशात अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चुकीची जागा दिसे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही मिसळ बंद झाली आणि यंत्रे एकदम काही मीटरांपर्यंत अचूक झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात एक बादली अर्धवट पुरून तिचा पत्ता जाहीर केला. तीत पुस्तके, व्हिडिओ टेप, बेचकी असा माल होता, आणि घेवड्याचा एक डबाही होता. आज खाण्याची वस्तू डब्यात ठेवणे आणि डबा पुरणे या दोन्ही गोष्टी या छंदात वर्ज्य मानतात. म्हणजे पहिल्याच डब्याने दोन नियम मोडले! आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. भारतात मात्र फार थोडे.

खुणांवरून जागा शोधत जाणे आपल्या मातीला नवे नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे राहिले ती स्थाने गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाजवळ, हे तीत नोंदलेले आहे. उपग्रह नव्हते, पण पाय होते.

साहित्य म्हणाल तर फारसे लागत नाही. दुकानदार मोठी यादी देतील. तिकडे लक्ष देऊ नये. हातातला मोबाइल पुरतो. पुष्कळांचा समज असतो की रेंज गेली की जीपीएसही गेले. तसे नाही. उपग्रहाचा संदेश रेंजशिवायही मिळतो. अडते ते नकाशाचे चित्र. म्हणून ओस्मॲन्ड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपवर आपल्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात आणि आपल्या किल्ल्यांच्या कितीतरी पाऊलवाटा त्यावर सापडतात. डब्यांचे पत्ते पाहण्यासाठी जिओकॅशिंगचे स्वतंत्र ॲप आहे. एक पॉवर बँक घ्यावी. पावसाळ्यात मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी लावावी.

आकडे वाचताना एक गल्लत हमखास होते. २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५ अंश, २०.३० नव्हे. ही चूक केलीत तर तुम्ही बावीस किलोमीटर भलत्याच गावी जाल. चालण्याचा व्यायाम होईल म्हणा, पण डबा मिळणार नाही.

या नकाशाचा आमच्या दृष्टीने खरा उपयोग वेगळाच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५० हजारास एक या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा असतात, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा. दोन रेषांमध्ये २० मीटरचा चढ. इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटरचा धरा. वाटेत दहा रेषा ओलांडायच्या असतील तर २०० मीटर, म्हणजे पासष्ट-सहासष्ट मजले चढायचे! आपल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर धाप लागणाऱ्या गृहस्थाने घरी बसून या रेषा मोजाव्यात आणि मग ठरवावे. रेषा एकमेकींना जितक्या चिकटलेल्या तितका चढ उभा, आणि उतरताना गुडघ्याला तितका त्रास. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच बसावे. ‘आता एवढ्यात आलेच’ हे वाक्य फार घातक आहे.

यंत्रावरचा बाणही असाच फसवा. तो अंतर सरळ रेषेत दाखवतो, कावळा उडेल तसे. डबा ३०० मीटरवर दिसतो, पण मध्ये दरी असते. आपले डोंगर बेसाल्टचे, पायऱ्यापायऱ्यांचे, कडे उभे. पडद्याकडे पाहत चालणारा माणूस कड्याच्या टोकाला कधी पोहोचतो ते त्यालाच कळत नाही. घरातल्या मुलांना एकच सांगावे: यंत्र पाहायचे तर थांबायचे, चालायचे तर यंत्र खिशात.

आता सर्वांत महत्त्वाचे. परदेशी पुस्तकांत डबा शोधताना दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत हात घालून चाचपण्याची पद्धत सांगितलेली असते. आपल्याकडे हे मुळीच करू नये. घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत, आणि दगडाखालची थंड सांदी ही फुरशाची अगदी आवडती जागा. विंचू तर विचारूच नका. काठीने दगड हलवावा, विजेरीने आत पाहावे आणि दिसत नसेल तर नाद सोडावा. साप चावलाच तर चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. माणसाला चालवू नये, चावलेला अवयव हलू देऊ नये. १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. विषावरचा उतारा तिथे असतो, मांत्रिकाकडे नसतो.

दुसरा धोका आग्या मोहोळाचा. कड्यांना लटकणारी ही पोळी धुराने आणि उग्र वासाने खवळतात. डोंगरावर जाताना अत्तर लावू नये, आणि वर जाऊन चूल किंवा सिगारेट पेटवू नये. एप्रिल-मे मध्ये दुपारी अकराच्या आत खाली उतरलेले बरे. पाण्यात साखर-मीठ घालून न्यावे: एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेहाच्या रुग्णाला हे पाणी रोजचे पेय नव्हे. मात्र गोळी किंवा इन्सुलिन घेऊन डोंगर चढणाऱ्याच्या खिशात साखरेचे चार खडे असलेच पाहिजेत. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की ते लगेच तोंडात टाकावेत. अशा रुग्णांनी घरी आल्यावर तळपाय उजेडात तपासावेत. काटा रुतलेला त्यांना कळत नाही.

या छंदाचे काही शिष्टाचार ठरलेले आहेत. डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी. अन्न, दारू, औषधे, हत्यार ठेवू नये. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. खणू नये. डबा जिथे होता तिथेच ठेवावा, ‘अधिक चांगली’ जागा आपण शोधू नये. हे सर्व ठीकच. पण नाशिक जिल्ह्यात एवढ्यावर भागणार नाही, आणि इथे माझे मत छंदिष्टांना कदाचित आवडणार नाही. आपल्या किल्ल्यांवर, लेण्यांवर, देवळांत आणि बाजारात डबे ठेवूच नयेत.

कारणे सांगतो. मालेगावने २००६ आणि २००८ साली बॉम्बस्फोट सोसले आहेत. बेवारस डबा दिसला की लोक घाबरणारच, आणि घाबरून पोलिसांना कळवतात हे योग्यच करतात. नाशिकरोडला नोटांचा छापखाना, देवळालीला तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना. या परिसरात हातात यंत्र घेऊन झुडपे चाचपणारा माणूस कोणाला साधा वाटेल? परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या मुला-नातवंडांनाही एक गोष्ट आधीच सांगावी. साधे जीपीएस निराळे, आणि थेट उपग्रहामार्फत बोलण्याचे किंवा संदेश पाठवण्याचे यंत्र निराळे. हे दुसरे परवान्यावाचून वापरणे आपल्या देशात गुन्हा आहे.

दुसरे, गुप्तधन. किल्ल्यावर हंडे पुरलेले आहेत या समजुतीने खणणारे महाभाग अजून आहेत. डबा लपवल्याची बातमी गावात कानोकानी जाईपर्यंत त्याचा सोन्याचा हंडा होईल आणि मग एखाद्या पडक्या तटाचे उरलेले दगडही जागेवर राहणार नाहीत. पांडवलेणी तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. अंजनेरीच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती आहे, तिचा कंद जमिनीत असतो. कुदळीला तो दिसत नाही. शिवाय माकडे! त्यांनी डबा उघडला की वही पानापानाने दरीत जाते.

तिसरे कारण गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. मोबाइलवर फिरलेल्या अफवांनी ते घडले. पाड्यावर अनोळखी माणूस, हातात यंत्र, इकडेतिकडे शोधक नजर, यातून काय अर्थ काढला जाईल सांगता येत नाही. छंदाच्या इंग्रजी नियमांत लिहिले आहे की आसपासच्या लोकांना सुगावा लागू देऊ नये. आपल्याकडे नेमके उलटे करावे. गाडी लावली की आधी राम राम करावा, कुठे आणि कशासाठी चाललो ते सांगावे, जमल्यास गावातलाच वाटाड्या पैसे देऊन बरोबर घ्यावा. त्याच्याइतकी वाट कोणत्याही ॲपला ठाऊक नसते.

मग छंद सोडायचा का? मुळीच नाही. याच छंदाचा एक बिनडब्याचा प्रकार २००४ पासून चालू आहे. जागेचा पत्ता द्यायचा, तिथे गेल्यावरच उत्तर मिळेल असा प्रश्न द्यायचा. अमेरिकेतल्या भूशास्त्रज्ञांच्या संस्थेने तो खडक-मातीच्या अभ्यासासाठी उचलून धरला. आपल्याकडे तर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर उघडे पडले आहेत. मनमाडजवळची हडबीची शेंडी आगगाडीतून सर्वांनी पाहिली आहे. ती अशी एकटी का उभी राहिली, हे तिच्या पायथ्याशी जाऊन किती जणांनी पाहिले?

डोंगरच हवा असेही नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले यावरून सारे नाशिक पूर किती ते ठरवते. उन्हाळ्यात तिथे जाऊन मारुतीच्या पायापासून छातीपर्यंतची उंची अंदाजे मोजा, मग घाटाच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यातले पाणी कुठवर चढत असेल ते शोधा. तिथून नारोशंकराच्या घंटेपर्यंत, पुढे जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांतून एखादी तारीख कोरलेला दगड शोधत गेलात तर तास-सव्वा तास सहज जातो. पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईने दिलेल्या लेण्याचे आणि उषवदाताच्या लेण्याचे खांब कोणत्या प्राण्यांनी सजवले आहेत, ते दोन्हीकडे जाऊन ताडून पाहा. पायऱ्या चढल्याचे त्या दिवशी लक्षातही राहणार नाही.

शाळांनी हे सहज करावे. शिक्षकांनी दहा जागा निवडून प्रश्न काढावेत, पाच-पाच मुलांचे गट करावेत, प्रत्येक गटात एक मोठे माणूस. त्यात आजी-आजोबांना मुद्दाम घ्यावे. मुलांना आकडे वाचता येतात आणि आजोबांना खुणा आठवतात. शिवाय आजोबांचा रक्तदाब नातवाच्या वेगाने चढू नये म्हणून गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याप्रमाणे ठेवावी. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, गवत बसते, साप दिसू शकतात. पहिली फेरी तेव्हा काढावी, सकाळी सातला. बूट मात्र नवे घालू नयेत.