चेहऱ्याचे कुलूप किती पक्के?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घालून शेतकरी परतीच्या एसटीसाठी स्वारगेटला येतो. रात्रभराचं जागरण, बाकड्यावर डोळा लागतोच. पूर्वी अशा वेळी पट्टीचे पैसे कोपरीच्या खिशात असत. आता ते मोबाईलमध्ये असतात, आणि त्याला कुलूप मालकाच्या तोंडाचं!

हे कुलूप सगळीकडे सारखं नसतं. २०१७ साली आलेल्या आयफोन दहामध्ये चेहऱ्यावर ३०,००० हून जास्त अदृश्य ठिपके टाकून त्याचा उंचसखलपणा मोजला जातो. गावाकडच्या स्वस्त फोनात बहुधा ही सोय नसते. तिथं पुढचा साधा कॅमेरा नुसतं चित्र जुळवतो. असे काही फोन फोटो दाखवला तरी उघडतात. ‘डोळे उघडे हवेत’ ही अट बंद असली तर झोपलेल्या माणसापुढे धरूनही काम भागतं. बँकेचं ॲप अशा कच्च्या ओळखीवर सहसा उघडत नाही. पण फोन उघडला की ओटीपी वाचता येतो, खरं दुखणं तिथं आहे.

पीएम किसानची चेहरा पडताळणी मात्र निराळी. ती जून २०२३ मध्ये सुरू झाली. फोनच्या कुलपाचा चेहरा फोनातच राहतो. इथं तो आधारच्या नोंदीशी ताडला जातो. कष्टानं बोटांचे ठसे झिजलेल्या माणसाला ही सोय मोठीच. परंतु अनेकजण दोन्हींची गल्लत करतात, आणि सेवा केंद्रात फोन देताना पिनही मोठ्यानं सांगून टाकतात. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी हे तिथल्या तिथं थांबवावं.

आपल्या फोनला सहा आकडी पिन ठेवा, चेहरा नसला तरी चालेल. कुलूप असताना पडद्यावर मेसेज दिसू देऊ नका. सिमलाही वेगळा पिन लावा, नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो नि ओटीपी त्याला मिळतात. सिमचा मूळ पिन आधी कंपनीकडून विचारून घ्या, तीनदा चुकला तर सिम अडकतं.

फोन गेलाच तर आधी बँकेला कळवा आणि सिम बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन लावा. पोलिसांत तक्रार देऊन, नवं सिम घेऊन ‘संचार साथी’वर हँडसेट बंद करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबलं की तो दिसतो. आजच सातबाऱ्याच्या फाईलवर लिहून ठेवा.