प्रवेश मिळाला, पुढे काय?

बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रात एक ठरावीक चर्चा सुरू होते. किती टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, कोणत्या विभागाने बाजी मारली, मुली मुलांच्या किती पुढे गेल्या, याचे तक्ते छापून येतात. दोन-तीन दिवसांत ही चर्चा मावळते आणि खरा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो. उत्तीर्ण झालेल्या मुलाने महाविद्यालयाची पायरी चढायची कशी, चढल्यावर तेथे टिकायचे कसे आणि पदवी हाती पडल्यावर जायचे कोठे? सुखवस्तू घरातील मुलाला हे तीन प्रश्न पडत नाहीत. त्याची उत्तरे घरात तयार असतात. ऊसतोड मजुराच्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला मात्र प्रत्येक उंबरठ्यावर ती नव्याने शोधावी लागतात. बहुतेक वेळा एकट्यानेच.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार देशातील १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. अनुसूचित जातींत ते २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२ टक्के होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. उद्दिष्टाला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. परंतु नोंदणी म्हणजे शिक्षण नव्हे. हजेरीपटावर नाव चढले आणि दिवाळीनंतर मुलगा गावी परतला, तरी आकडेवारीत त्याची गणना होतेच.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर कसा खर्च होतो, हे स्पष्ट शब्दांत मांडले होते. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, कारण शाळा उघडी असली तरी खेड्यातून आलेल्या मुलाला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न नसेल तर ती शाळा त्याच्यासाठी बंदच असते, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. या सर्वांच्या कार्यात एक समान सूत्र आहे. त्यांनी दार उघडण्यावर समाधान मानले नाही. दारापर्यंत येण्याची आणि आत राहण्याचीही तजवीज केली. आजच्या धोरणातून हेच सूत्र निसटले आहे.

पहिला उंबरठा प्रवेशाचा. येथे बुद्धीपेक्षा कागद आणि रोकड यांची परीक्षा अधिक कठोर असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते अशा एकेका कागदासाठी तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. गुणवत्तेनुसार आणि वशिल्याविना प्रवेश होण्यासाठी अशी पद्धत उपयुक्त आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही बाप कामावर घेऊन जातो, त्या घरातील मुलीने पसंतीक्रम कोणाला विचारून भरायचा? केंद्रचालक जो क्रम भरून देईल, तोच तिच्या आयुष्याचा क्रम ठरतो.

रोकडीचा प्रश्न किती निष्ठुर असतो, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणाने देशाला दाखवून दिले. उत्तर प्रदेशातील एका दलित रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. प्रवेश निश्चित करण्यासाठी १७,५०० रुपये ठरलेल्या वेळेत भरायचे होते. पैसे उसने गोळा करीपर्यंत मुदत टळली आणि जागा गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर रोजी घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्यायालयाचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचू न शकणाऱ्या मुलांचे काय? तालुक्याच्या महाविद्यालयात तीन-चार हजार रुपयांसाठी गेलेल्या जागेची दाद कोणी कोठे मागायची?

या ठिकाणी शिष्यवृत्तीच्या अर्थकारणाकडे नीट पाहिले पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तिची फेरआखणी केली, केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरविला आणि पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु शिक्षणाचा खर्च जून-जुलैत सुरू होतो आणि शिष्यवृत्तीची रक्कम अर्ज, छाननी, मंजुरी अशा पायऱ्या उतरत मागाहून येते. मधल्या काळातील खोलीभाडे, खाणावळ, प्रवास आणि पुस्तके यांचा भार कोण उचलतो? विद्यार्थ्याचे कुटुंब सावकाराकडून, बचत गटातून किंवा मुकादमाकडून उचल घेऊन तो उचलते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर समाजातील सर्वांत गरीब घटक शासनाला बिनव्याजी कर्ज देतो आणि स्वतः ते पैसे व्याजाने आणतो. शिष्यवृत्ती बुडाली नाही, केवळ उशिरा आली, असे समर्थन अधिकारी करतात. सहा महिन्यांचा उशीर कार्यालयाच्या दृष्टीने किरकोळ असेल. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो एका सत्राचा अंत असतो.

उत्पन्नमर्यादेची कथाही अशीच आहे. या शिष्यवृत्तीसाठी अडीच लाख रुपयांची वार्षिक मर्यादा २०१३ साली ठरली आणि २०२० च्या फेरआखणीतही तीच कायम राहिली. या काळात महागाई थांबली नव्हती. मर्यादा स्थिर ठेवून किमती वाढू दिल्या की कोणताही अधिकृत निर्णय न घेता लाभार्थींची संख्या आपोआप घटते. काटकसरीचा हा सर्वांत निःशब्द प्रकार होय.

दुसरा उंबरठा महाविद्यालयाच्या आत आहे. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘मूलद्रव्य’ शिकलेल्या मुलाला विज्ञान शाखेत गेल्यावर त्याच संकल्पना परक्या नावांनी भेटतात. त्याला विषय येत नाही असे शिक्षक समजतात आणि हळूहळू तोही तसेच समजू लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागत विद्यार्थ्यांसाठी परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. कल्पना योग्य होती. पण ज्या महाविद्यालयात निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात, तेथे विद्यार्थ्याचे नाव लक्षात ठेवण्याइतकी उसंत कोणाला असणार? आपली नोकरी मार्चनंतर राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्या शिक्षकाकडून विद्यार्थ्याला आधाराची अपेक्षा करणे हा दोघांवरही अन्याय आहे.

निवासाचा प्रश्न याहून बिकट आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ साली स्वाधार योजना आणली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार रुपये ठरली. एवढ्यात पुण्यात खाटेचे भाडे आणि दोन वेळचे जेवण कसे भागवायचे, याचा हिशेब योजना आखणाऱ्यांनी एकदा स्वतः करून पाहावा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनेक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात संपूर्ण माफी मिळाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शुल्क माफ झाले तरी गावाहून सकाळची एसटी नसेल आणि शहरात सुरक्षित वसतिगृह नसेल, तर माफी कागदावर राहते आणि मुलीचे लग्न ठरते.

नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. पुन्हा परत येण्याची सोयही आहे. ज्याला स्वेच्छेने थांबायचे आहे त्याला ही व्यवस्था उपकारक ठरेल. पण पैशाअभावी शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र देऊन गळतीला ‘निर्गमन’ म्हणणे ही शब्दांची हातचलाखी होईल. बाहेर पडलेल्यांपैकी किती जण परत आले, कोणत्या जातींचे आणि किती उत्पन्नाचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी बाहेर पडले, याचा हिशेब विद्यापीठांनी दरवर्षी जाहीर केला पाहिजे.

तिसरा उंबरठा पदवीनंतरचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांत ते २९.१ टक्के होते. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा काढणे चुकीचे ठरेल. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम पत्करतो. खरा अर्थ असा की, शिकलेल्या माणसाला साजेसे काम निर्माण करण्यात अर्थव्यवस्था अपयशी ठरली आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा शुल्क खुल्या गटाला १०००, राखीव गटाला ९०० रुपये होते. बेकारांकडूनच भरतीचा खर्च वसूल करणारी ही रीत कल्याणकारी राज्याला शोभत नाही. राज्याने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतन देऊ केले. मुदत सहा महिने होती. ती पाच महिन्यांनी वाढविली. अकरा महिन्यांनंतर काय, याचे उत्तर योजनेत नव्हते. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून अंगमेहनतीच्या कामाचा हक्क मान्य केला, त्याने शिकलेल्या हातांच्या बाबतीत तात्पुरत्या मलमपट्टीवर थांबू नये.

या तिन्ही उंबरठ्यांवर मागण्या स्पष्ट आहेत. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशी मिळावा आणि छाननी त्यानंतर व्हावी. उत्पन्नमर्यादा आणि निर्वाहभत्ता महागाई निर्देशांकाशी जोडावा. प्रत्येक तालुक्यात मुलींचे एक तरी वसतिगृह असावे. प्राध्यापकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात. भरती परीक्षांचे शुल्क रद्द करावे. शिकाऊ उमेदवारीला कायमच्या नोकरीत अग्रक्रमाची जोड द्यावी.

पण मागण्यांचे निवेदन तहसीलदाराला देऊन कार्यकर्त्यांचे कर्तव्य संपत नाही. मुलांचे अर्ज भरून देणे ही समाजसेवा झाली, राजकारण नव्हे, असे काही सहकारी म्हणतील. त्यांनी शाहू-कर्मवीरांची वसतिगृहे आठवावीत. त्या वसतिगृहांतून केवळ पदवीधर बाहेर पडले नाहीत, बहुजन समाजाचे नेतृत्व बाहेर पडले. जून-जुलै या दोन महिन्यांत प्रत्येक तालुक्याच्या गावी पक्ष कार्यालयाच्या एका खोलीत साहाय्य केंद्र चालविणे अशक्य नाही. दाखल्यांची यादी, अर्ज भरण्यास जाणती दोन मुले आणि प्रवेशशुल्कासाठी वर्गणीतून उभा केलेला छोटा फिरता निधी, एवढी सामग्री पुरते. शिष्यवृत्ती आली की विद्यार्थी रक्कम परत करील आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. गेल्या वर्षी शहरात गेलेली मुले यंदा जाणाऱ्यांना खोली, खाणावळ आणि अभ्यासिका दाखवू शकतील. अशा केंद्राच्या नोंदवहीत कोणाचा दाखला किती दिवस अडला, कोणाची शिष्यवृत्ती किती महिने थकली, याची जी माहिती जमेल, ती विधिमंडळातील कोणत्याही भाषणापेक्षा धारदार ठरेल. सेवेतून संघर्षाला पुरावा मिळतो आणि संघर्षामुळे सेवेला दानधर्माचे रूप येत नाही.

शिक्षण हा हक्क आहे, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. पण हक्क बजावण्यासाठी ज्याला उचल घ्यावी लागते, त्याच्या हाती हक्क अजून पोचलेलाच नाही. येत्या जूनमध्ये आपल्या तालुक्यातील एकही विद्यार्थी दाखल्यावाचून किंवा चार हजार रुपयांवाचून प्रवेशाला मुकणार नाही, एवढा निर्धार प्रत्येक शाखेने केला, तर त्यातूनच पुढील लढ्याची पायाभरणी होईल.