जोत्याखालची जात

'लाभार्थी' म्हणतात मला. पंचायतीच्या बोर्डावर नाव लागलंय, नावापुढं प्रवर्ग. गावानं वाचलं, हसलं.

मी गवंडी. जळगाव-धुळ्यात तीस वर्षं लोकांची घरं बांधली. बंगले बांधले, वास्तुशांतीला मागच्या दारी बसून जेवलो. त्या घरांचे मालक ते 'घरमालक'. मी माझं बांधायला घेतलं तर मी 'लाभार्थी' आणि माझ्या घराचं 'घरकुल'. साला शब्दच असा की घर लहान होतं आणि देणारा मोठा होतो.

काय दिलं ते मांडू. 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली तेव्हा सपाटीवरच्या घराला 1 लाख 20 हजार धरले, किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास, तिचं मापही जवळपास तेच. गोवऱ्या थापून संसार केलेल्या माउलीचं नाव द्यायचं आणि हप्ता एका टेबलावर पावसाळाभर दाबून ठेवायचा.

पण टेबलाची गोष्ट सोडा, ती सगळ्यांचीच आहे. माझा सवाल वेगळा. हे 1 लाख 20 हजार कुठल्या मातीवर मोजले?

खान्देशातलं जुनं गाव बघा मित्रांनो. गाव पांढरीवर, उंचावर. आम्ही गावाबाहेर, नाल्याच्या अंगाला, काळीवर. तापीकाठची काळी कापसाला सोनं, घराला वैरीण. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षाला एकदा घर उचलते, एकदा खाली ठेवते. पाया वरवर घेतला तर दोन-तीन उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर निघाली म्हणून समजा. ती चीर बघून साहेब बोलतात, या लोकांना घर सांभाळता येत नाही. अहो साहेब, तुमच्या बंगल्याची भिंत ओळंब्यात आहे ना? ती आमच्यातल्याच कुणीतरी उभी केलीय.

माझ्या जागेत मुरूम लागला सहा फुटांवर. तोवर खोदायचं, डबर भरायचं, मुरूम घालून ठोकायचं. पहिला हप्ता 15 हजार. तो चौथ्या फुटाला संपला. पुढचं बायकोच्या मंगळसूत्रावर आणि व्याजाच्या पैशावर. मग फोटो काढायला पोरगा आला. त्याला दिसलं फक्त जोतं. त्याच्या मोबाईलमध्ये जागेचे अक्षांश येतात, रेखांश येतात, किती खोल गेलो ते येत न्हाई. गावातल्या घराला तेवढेच पैसे, मला तेवढेच. कागदावर समता! जमिनीच्या वर जात दिसू देत नाहीत आता, ती जोत्याखाली सहा फूट गाडलेली आहे.

ही जागा आमच्या आज्यानं निवडली नव्हती. गावकी करायची, हाळी घालायची, मेलेलं ढोर ओढायचं, त्यासाठी नेमून दिलेली जागा. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. वस्ती तिथंच राहिली.

म्हणतील, जागा विकत घ्या, त्यालाही योजना आहे. माहीत आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला आधी 50 हजार देत होते. मी पांढरीवर दोन ठिकाणी विचारलं. एकानं आधी आडनाव विचारलं, मग म्हणाला, ''पोरांसाठी ठेवली भाऊ.'' महिन्याच्या आत विकली. दुसऱ्यानं तर आडनावही विचारलं नाही, गावातलाच तो.

वाळूचं तसंच. घरकुलाला 5 ब्रास फुकट, असा नियम आहे. गिरणेची वाळू रात्रभर ट्रॅक्टरनं फिरते, पावतीवरची वाळू दिवसा सापडत नाही. माय रोज इचारते, ''मन्हं घर कव्हय व्हई रे भो?'' काय सांगू?

शहरात बरं असेल म्हणाल तर जळगाव बघा. झोपडपट्टीवाल्यांसाठी नव्वदच्या दशकात पालिकेनं घरकुलं काढली. बांधायची होती 11 हजारांवर, पुरी झाली दीड हजाराच्या आसपास. 2006 ला तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी धरलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना 7 वर्षं आणि 100 कोटी दंड, गुलाबराव देवकर यांना 5 वर्षं. पुढं अपिलं झाली, जामीन झाले. पण ज्याच्या नावानं योजना काढली त्या झोपडीवाल्यानं कुठं अपील करायचं? आणि 'लाभार्थी' हा शब्द नक्की कुणासाठी राखून ठेवायचा, तेही एकदा ठरवा.

आम्हाला उपकार नको, हिशेब पाहिजे. काळीवरच्या पायाचे पैसे वेगळे धरा. फोटो जोत्याचा काढता तसा खड्ड्याचाही काढा, आत टेप सोडून. गावठाण वाढवाल तेव्हा नाल्यालगत ढकलू नका, पांढरीलगत मोजून द्या, आणि उताऱ्यावर बाईचं नाव आधी लिहा.

आणखी एक. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. तुमच्या 269 फुटांच्या नकाशात चूल आहे, मोरी आहे, पुस्तकाला भिंत नाही. मी आतल्या भिंतीत दोन हात रुंदीचं फडताळ सोडलंय. तपासणीवाला म्हणाला, हे नकाशात न्हाई. मी म्हणालो, मग नकाशात घाला. लिंटलपर्यंत आलोय. सेंटरिंगच्या फळ्या उधार मिळाल्यात, सळई बाकी आहे.