आगीचा सप्ताह आणि शेतकऱ्याचें घर

दरवर्षीं १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळण्यांत येतो. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले व ६६ अग्निशामक कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह होय. त्या जहाजावर दारूगोळ्याबरोबरच कापसाच्या गांठी भरलेल्या होत्या, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत असतें. जळाऊ जिन्नस व स्फोटक जिन्नस शेजारीं ठेवूं नयेत, हा धडा गोदीइतकाच आपल्या घरासहि लागू आहे.

पुणें शहरास आगीचें भय नवें नाहीं. १८२८ सालीं शनिवारवाडा व १८७९ सालीं बुधवारवाडा आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. आज शहरांत अग्निशमन दल आहे, इमारतींसाठीं २००६ चा कायदा आहे, सप्ताहांत प्रात्यक्षिकेंहि होतात. हें सर्व स्तुत्यच होय. आमचा आक्षेप इतकाच कीं, हा उपदेश बहुधा उंच इमारती व कारखाने यांच्याभोंवतींच घोंटाळतो. शेतकऱ्याच्या परसांत कडब्याची गंजी, शेजारीं गोठा व आंत गॅसचा सिलिंडर असतो. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेनें सिलिंडर खेडोपाडीं नेला. त्याची शिकवणूक त्याच वेगानें गेली, असें आम्हांस वाटत नाहीं.

वास्तविक ही शिकवणूक घटकाभराची आहे. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरतो. वास येतांच विजेचें बटण चालूहि करूं नये व बंदहि करूं नये. रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या व बाहेर येऊन १९०६ या क्रमांकास कळवावें. कढईंतील तेल पेटल्यास पाणी न ओतां शेगडी बंद करून झांकण घालावें. कपडे पेटल्यास न धांवतां जमिनीवर लोळावें. भाजल्या जागीं हळद वा शाई न लावतां गार पाणी वीस मिनिटें सोडावें. आग लागल्यास १०१ किंवा ११२ हे क्रमांक लहान मुलांसहि पाठ असावे.

दुसरी गोष्ट वेळेची. रब्बी ज्वारीचा कडबा एप्रिलपूर्वींच गंजीस लागतो. म्हणजे सप्ताहाचा उपदेश येतो तेव्हां गंजी घराशेजारीं, कित्येकदां विजेच्या तारांखालींच, उभी असते. महसूल खात्याच्या नोकरींत आमच्या हातून जळिताचे पुष्कळ पंचनामे गेले. त्यांत जळलेल्या पेंढ्या व दगावलेलीं जनावरें मोजलेलीं असत. गंजी घरापासून किती हातांवर होती, हें क्वचितच कोणी लिही. पंचनाम्यानें मदत मिळते, गेलेली बैलजोडी मिळत नाहीं.

सबब आमची सूचना अशी कीं, खेड्यांपुरती ही मोहीम माघ-फाल्गुनांत, आठवडे बाजारीं व ग्रामसभेंत व्हावी आणि तींत चूल सांभाळणाऱ्या बायकांस पुढें बसवावें. सोसायट्यांनीं सरकारची वाट न पाहतां आपल्या गांवीं आरंभ करावा. शेतकरी बंधूंनीं निदान यंदाची गंजी घरापासून व तारांपासून दूर रचावी. त्यास खर्च कांहींच नाहीं.