ओसरीवरची कणगी

भाऊबीजेला बहिणीने भावाकडे काय मागावे, याचे काही संकेत ठरलेले आहेत. आमची कामथडीची मावसबहीण ते वर्षानुवर्षे निमूटपणे पाळत आली. यंदा मात्र दसरा उलटतो न उलटतो तोच तिचा फोन आला. "दादा, साडी नको. पोराला ती बाहेरून लावायची हार्ड डिस्क हवी आहे. खेळ म्हणे तिच्यातच घालून तिच्यातूनच खेळता येतात. हे खरे का, की नुसतेच पैसे पाण्यात, ते आधी सांग. आणि लॅपटॉपमधले काही पुसायचे नाही, हे त्याला तुझ्या तोंडून बजाव. माझे ऐकत नाही तो."

वाचकहो, साडीचा रंग निवडण्यापेक्षा हा प्रश्न आम्हांला सोपा वाटला. पण बहिणीच्या शेवटच्या वाक्यात खरी गोम होती, ती पुढे येईलच.

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर: होय, खेळता येतात. जुन्या घरात धान्य ठेवायला माजघरात बळद असे आणि ते भरले की ओसरीवर कणगी उभी राही. तांदूळ कणगीतला आहे की बळदातला, हे भात शिजल्यावर कुणी ओळखत नाही. संगणकाचेही तसेच. खेळ चालवण्याचे काम प्रोसेसर आणि चित्रे रंगवणारी चिप करते; खेळाचा माल आतल्या डिस्कवर आहे की वायरीच्या टोकाला आहे, याचे त्यांना सोयरसुतक नसते. फरक पडतो तो माल आणायला लागणाऱ्या वेळाचा. म्हणून बाहेरच्या डिस्कवर ठेवलेला खेळ सुरू व्हायला उशीर लावील, एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना ताटकळत ठेवील. पण एकदा रंगात आला की बहुतेक वेळा आतल्यासारखाच पळेल. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, लॅपटॉप मुळात अशक्त असेल तर कणगीने त्याला बळ येत नाही. जागा वाढते, ताकद नव्हे.

आता कामथडीत या कणगीची गरज का पडावी? पुण्याहून निघाले, कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकला, नसरापूर फाटा गेला की कामथडी. स्वारगेटहून चाळीसेक किलोमीटर. हमरस्ता दारावरून जातो, पण बहिणीच्या घरी इंटरनेट आहे ते मोबाइलवरचे, रोज दीड जीबीचे. पन्नास जीबीचा खेळ त्यातून उतरवायचा तर तेहतीस दिवस पुरायचे नाहीत, आणि तेवढे दिवस घरात दुसऱ्या कुणी साधा व्हिडिओसुद्धा पाहायचा नाही. पुण्यात आमच्याकडे शंभर मेगाबिटांची लाइन आहे. तोच खेळ सव्वा तासाच्या आत उतरतो. मग तो डिस्कवर घ्यावा, डिस्क पिशवीत घालावी आणि भोरची एस्टी पकडावी. हिशेबाची हौस असणाऱ्यांसाठी सांगतो: एक टेराबाइटची भरलेली डिस्क घेऊन एस्टी दीड तासात पोचली, तर ती माहिती सेकंदाला सुमारे पंधराशे मेगाबिट या वेगाने गेली. आमच्या पुण्याच्या लाइनीच्या पंधरा पट! दिवाळीत टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागते त्या दिवशी हा वेग निम्म्यावर येतो, ती गोष्ट वेगळी.

गंमत पाहा, पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने 1956 साली बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि मावत होते चार मेगाबाइटांहूनही कमी. म्हणजे आजच्या मोबाइलचा एक फोटो. ती न्यायला एस्टी नव्हे, मालट्रक लागला असता.

दुकानात गेल्यावर दोन प्रकार समोर येतात. एक जुन्या जातीची, जिच्यात खरोखरच तबकडी फिरते. बहुधा मिनिटाला 5400 फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद. ही सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइट माल देते. दुसरी एसएसडी, जिच्यात फिरणारे काहीच नाही. तिच्यातली साधी जातसुद्धा चार-पाचशे मेगाबाइट देते. तितक्याच जागेला एसएसडीचे दाम चांगलेच जास्त. निव्वळ साठवण करायची असेल तर तबकडीवाली पुरे. खेळ तिच्यातूनच चालवायचे असतील तर मात्र थोडी कमी जागेची का होईना, एसएसडी घ्यावी असा आमचा कौल आहे. सायबरपंक 2077 या खेळाने 2023 पासून आपल्या किमान गरजांत एसएसडीच लिहिली आहे, स्टारफील्डचेही तेच. असे खेळ तबकडीवर घातले तर ते अडखळत चालतात आणि मुले लॅपटॉपवर राग काढतात.

डिस्क कितीही चांगली असली तरी भोक जुने असेल तर सगळे फुकट. यूएसबीच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या भोकातून सेकंदाला पस्तीस-चाळीस मेगाबाइटांवर काही येत नाही. तिसऱ्या पिढीच्या भोकाची जीभ बहुधा निळी असते, ती पाहून वायर खोचावी. स्वस्तातल्या एका यूएसबीच्या चार करणाऱ्या फाट्याला डिस्क लावू नये. तबकडी फिरवायला लागणारी वीज त्यातून पुरी पडत नाही, डिस्क टिकटिक करते आणि खेळ मध्येच नाहीसा होतो. ऑनलाइन बाजारात साबणाच्या वडीच्या किमतीत दोन टेराबाइट विकणारे भेटतात. आत बत्तीस-चौसष्ट जीबी भरून बाहेर दोन हजार दाखवण्याची ती हातचलाखी असते. उलट एक टेराबाइटची खरी डिस्क संगणकाला 931 जीबी दिसते, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कारखाना हजाराने मोजतो आणि विंडोज 1024 ने, एवढेच.

कोजागिरीला भाचा पुण्याला आला. खेळ कोणता, हे त्याने आधीच ठरवले होते: 'राजी'. नोडिंग हेड्स या पुण्याच्याच मंडळींनी केलेला हा खेळ. 2017 साली त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली होती, ती अपुरी पडली. तरी नेट धरून त्यांनी ऑगस्ट 2020 मध्ये तो निंटेंडोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर आणला. गोलू नावाच्या धाकट्या भावाला असुर पळवून नेतात आणि राजी ही मुलगी त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन त्याला शोधायला निघते; कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. जगभरच्या मुलांनी पुण्यात घडलेला हा खेळ खेळला, आणि पुण्यापासून चाळीस किलोमीटरवरच्या मुलाला तो लॅपटॉपवर ठेवायला जागा नाही!

जागा का नाही, ते विचारता खरा पेच बाहेर आला. लॅपटॉप 256 जीबीचा, घरात एकच. त्याच्यात दुकानाचे हिशेब, थोरलीच्या लग्नाची चित्रफीत आणि भाच्याच्या आजोबांची भजने. आजोबा गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे गात होते. शेवटच्या दोन वर्षांत भाच्यानेच हौसेने त्यांचे गाणे मोबाइलवर घेतले आणि लॅपटॉपमध्ये भरले. मोबाइल पुढे बिघडला. आजोबा गेल्याला आता दीड वर्ष झाले.

"मामा, तुम्हीच सांगता ना, आतली डिस्क वेगवान?" भाचा म्हणाला. "मग आजोबांचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवू आणि खेळ आत घेऊ. पुसायचे कुठे म्हणतोय मी?"

"हलवायचे की प्रत करायची?"

"हलवायचे. प्रत केली तर जागा कशी होणार?"

"आणि डिस्क राहणार कुठे?"

"माझ्याकडेच. नसरापूरला मित्राकडे न्यायची आहे ना!"

पोराचा हिशेब वेगाच्या दृष्टीने अचूक होता, हे कबूल केले पाहिजे. पण तबकडी फिरत असताना वाचणारी सुई तिच्यापासून काही नॅनोमीटरच तरंगत असते. आपला एक केस त्या मानाने ओंडक्यासारखा जाड. चालू डिस्क मांडीवरून फरशीवर आली की ती पुन्हा बोलेलच असे नाही. खेळ गेला तर हळहळ वाटेल, पण विकत घेतलेला खेळ खात्यावर जमा असतो, हजार वेळा पुन्हा उतरवता येतो. आजोबांचे गाणे कुठल्या दुकानातून उतरवणार? आम्ही त्याला एवढेच विचारले. तो बराच वेळ वायरीशी चाळा करीत बसला. मग म्हणाला, "आईला हे सांगता आलं नसतं. ती नुसती ओरडते."

तेव्हा वाटणी उलटी ठरली. भजने लॅपटॉपमध्ये जिथल्या तिथे. त्यांची एक प्रत साठ-सत्तर रुपयांच्या डबीत ठेवलेल्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर, तो बहिणीच्या कपाटात. आणखी एक आमच्याकडे पुण्यात. बाहेरच्या डिस्कवर फक्त खेळ. तिने प्रवास करावा, पडावे, झडावे. घरातले काही जाणार नाही.

आता कृती. डिस्क कोरी असतानाच ती एनटीएफएस पद्धतीने आखून घ्यावी. आखणीत आधीचे सारे पुसले जाते, म्हणून कोरी असतानाच. जुन्या एफएटी 32 आखणीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि खेळांत अशा फाइली पुष्कळ. मग स्टीम हा खेळांचा दुकानदार उघडावा, त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आहे, तिथे नवी डिस्क जोडावी. तो तिच्यावर आपले एक दालन करतो. यापुढे खेळ घेताना कुठे ठेवू, असे तो विचारतो. आधी आत घातलेला खेळ त्याच पानावरून बाहेर हलवता येतो. फोल्डर हाताने उचलून इकडून तिकडे टाकण्याचा पराक्रम करू नये. डिस्क काढली की खेळ यादीत फिके दिसतात. घाबरायचे कारण नाही, डिस्क लावून स्टीम पुन्हा सुरू केला की उजळतात. उजळले नाहीत तर विंडोजने डिस्कचे अक्षर बदललेले असते: काल 'ई', आज 'एफ'. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला 'जी'सारखे लांबचे अक्षर कायमचे देऊन टाकावे.

मित्राकडे नेली तर तिथल्या स्टीममध्ये तीच डिस्क जोडायची, ते दालन तो ओळखतो. पण खेळायला खाते आपलेच लागते. डिस्क नेली म्हणजे खेळाचा हक्क मित्राला मिळाला, असे नाही. पहिल्यांदा सुरू करताना खेळ आपली काही अवजारे त्या संगणकाच्या आतल्या डिस्कवर बसवतो, त्याला दोन-चार मिनिटे आणि घरमालकाची परवानगी लागते. इंटरनेट जाणार असेल त्या घरी एकदा ते असताना खेळ उघडून, मग ऑफलाइनवर टाकावे. आणि मित्राने भेट म्हणून दिलेले 'फुकटचे' खेळ आपल्या डिस्कवर घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर काय येते ते दुकानाचे हिशेब उघडताना कळते.

धाकट्या भाचीचे एक गाऱ्हाणे मात्र रास्त आहे. तिने घरी राजीला पुष्कळ पुढे नेले, आणि मैत्रिणीकडे डिस्क लावली तर खेळ आपला पहिल्यापासून! याचे कारण, खेळ बाहेर असला तरी कुठवर आलो याची खूण बहुतेक खेळ संगणकाच्या आतल्या डिस्कवर, वापरणाऱ्याच्या फोल्डरात ठेवतात. ज्या खेळांना ढगातली साठवण आहे त्यांची खूण खात्याबरोबर आपोआप येते. बाकीच्यांची ते छोटे फोल्डर शोधून डिस्कवर उतरवून न्यावी लागते. काही केबींचेच काम आहे.

प्लेस्टेशन 5 असलेल्या घरांतूनही हाच प्रश्न येतो, म्हणून जाता जाता: त्या यंत्रात प्लेस्टेशन 4 चे खेळ यूएसबीच्या डिस्कवरून थेट चालतात, 5 चे खेळ तिथे फक्त ठेवता येतात, खेळायच्या वेळी आत आणावे लागतात.

खेळ संपल्यावर वायर ओढू नये. आधी खेळ बंद, मग स्टीम पूर्ण बंद, नुसती खिडकी मिटून तो जात नाही. खाली उजव्या कोपऱ्यातल्या त्याच्या चिन्हावरून त्याला निरोप द्यावा लागतो. मग डिस्क सुरक्षित काढण्याचा हुकूम. 'डिस्क वापरात आहे' असे उत्तर आले तर कोपऱ्यात तो अजून बसलेलाच आहे असे समजावे. आणि लॅपटॉपऐवजी टेबलावरचा संगणक असेल, तर खेळ उतरत असताना दिवे गेले की आखणी बिघडू शकते. अशा गावी यूपीएसचा खर्च डिस्कच्या आधी धरावा.